पाठीवरची रेष

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सोबतच्या नळीत चार चित्रं आहेत. नळी उघडताना कात्री आत घालू नकोस, चिकटपट्टी नखाने काढ. मामीला लक्ष ठेवायला सांग.

काम असं आहे. आमच्या कॉलेजात आकृतीचित्रांचा एक स्टुडिओ आहे. शेवटची परीक्षा झाली की त्यात पाच जणांना एका वर्षासाठी घेतात. वर्षभर मोठ्या खिडक्यांचा उजेड, रोज समोर बसायला मॉडेल आणि शिकवायला आमचे सर, जे एरवी आठवड्यातून एकदा वर्गात येतात आणि सुस्कारा टाकून जातात. अर्ज बेचाळीस आलेत. प्रत्येकाने चार चित्रं द्यायची, शाईची, समोर माणूस बसवून काढलेली. १५ मार्च ही शेवटची तारीख. जागा मिळाली नाही तर मी जाहिरातीच्या ऑफिसात बसून साबणाच्या वड्या काढणार हे ठरलेलं आहे. आईला मी फक्त "बघू" एवढंच सांगितलंय. तुला खरं सांगते. मला ती जागा इतकी हवी आहे की त्या स्टुडिओच्या दारावरून जायचंसुद्धा मी टाळते.

चित्रं झालीत, पण कागद पार वाकडे झालेत. टाकाने रेषा काढायच्या आणि मग पाणी घातलेल्या शाईचा कुंचला फिरवायचा, त्याला आम्ही वॉश म्हणतो. तो वाळताना कागद लाटा धरतो. हॉस्टेलच्या खोलीत चौघींत एक टेबल आहे, तेही दोन वह्या मावतील एवढं. तुझ्याकडे दाराएवढा बोर्ड आहे, पितळी वजनं आहेत आणि जगातला सगळा वेळ आहे. तेवढे कागद सपाट करून दे. फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामी स्वतःच्या मनाने सांगते.

चौथं चित्र नीट बघ. आई दुकानात इस्त्री करतेय, पाठमोरी. उजवा खांदा खाली गेलाय, सगळा भार इस्त्रीवर आहे, खिडकी डावीकडे. सतरा वेळा बिघडलं, अठराव्या वेळी जमलं. आत जायचं माझं तिकीट तेच. बाकीची तीन त्याच्या मागून आत शिरतील.

रेष ओढताना श्वास सोडायचा, हे तू मला सातव्या वर्षी शिकवलंस. अजून तसंच करते.

तुझी,
टिंबू


११ फेब्रुवारी

चि. टिंबूस अनेक आशीर्वाद.

नळी सुखरूप पोचली. कात्री वापरली नाही, कारण मामीने ती आधीच लपवून ठेवली होती.

तुझी शाई पाण्याला सुटते, हे कोपऱ्यात ओलं बोट लावून बघितलं. आमची ऑफिसची शाई पक्की असे. नकाशा पुरात वाहून गेला तरी रेष जागची हलत नसे. तुझ्या कच्च्या शाईमुळे फडकं नुसतं दमट ठेवून कागदांच्या पाठीवरून फिरवलं, मग टीपकागदांमध्ये घालून वर बोर्ड आणि वजनं ठेवली. नऊ दिवस उघडून बघायचं नाही. काल मामीने बोर्डावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला, म्हणजे वजनात भरच पडली.

त्याआधी चित्रं बघितली. आता ऐक. चौतीस वर्षं मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेले यंत्रांचे नकाशे शाईने उतरवायचे, हे काम. रेष म्हणजे काय ते मला कळतं. तुझी रेष बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मानेपाशी केसासारखी बारीक, कमरेपाशी दाबून जाड, आणि हे सगळं एका ओढीत, कुठेही थरथर नाही. ही आमच्या घरातली रेष आहे, हे मी समोरच्या डॉक्टरांना बोलावून सांगितलं. त्यांचे दोन पेशंट बाहेर ताटकळत बसले होते. बसू देत म्हटलं.

एक तक्रार आहे. तुझा वॉश रेषेबाहेर जातो. तुझ्या आईच्या दंडावरची सावली सरळ टेबलावर सांडली आहे. लहानपणी रंगाच्या वहीत रेषेबाहेर गेलीस की मी पान पुन्हा रंगवायला लावत असे. ते वाया गेलं म्हणायचं.

आमच्याकडे प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असे. "काढणार" आणि "तपासणार", दोघांच्या सह्या. तपासायचे ते भिंगसाहेब. खरं नाव सगळे विसरलो होतो, कारण भिंग डोळ्यापासून दूर गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. एकदा पंपाच्या नकाशात माझ्याकडून बोटभर रेष राहिली, साहेबांच्या नजरेतूनही सुटली, आणि कारखान्यात आठ पंप चुकीचे कापले गेले. त्यानंतर उघडी राहिलेली रेष दिसली की माझा हात आपोआप टाकाकडे जातो. तेव्हा तुझे कागदही तपासूनच पाठवीन.

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तपासतोस कसला, सपाट कर.

वॉश सांडलेला नाही. टेबलावरची सावली आणि आईच्या दंडावरची सावली वेगळ्या नाहीत, ती एकच सावली आहे. उजेड येतो तेव्हा तो हे हाड, हे लाकूड असं विचारत येत नाही. म्हणून कुंचला भरून घ्यायचा आणि खांद्यापासून टेबलापर्यंत एकदाच खाली आणायचा. परत त्यावर जायचं नाही, नाहीतर चिखल होतो. कोपराशी पाणी साचून एक गडद कड वाळली आहे बघ. ती मी काढली नाही, तिची ती झाली. सर म्हणतात की वॉशमधलं अर्धं काम पाणी करतं, आपण फक्त मध्ये लुडबुडायचं नाही.

तू रेषेची स्तुती केलीस ते पान मी घडी करून पेटीत ठेवलंय. खोलीतल्या तिघींना वाचूनही दाखवलं. पेशंट ताटकळले तो भाग दोनदा.

आता वाईट बातमी. आई परवा दुकानात स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर सहा आठवडे, आणि डॉक्टर म्हणतात की जड इस्त्री यापुढे उचलायची नाही. समोरच्या शिवणवाल्या बाईची बहीण दुकान बघायला येणार आहे. आई हसत बोलते, पण तू तिला ओळखतोस. ती दुकानात खुर्ची टाकून बसते आणि दुसऱ्याच्या घड्या बघून ओठ आवळते.

म्हणजे आईचं इस्त्री करतानाचं चित्र आता पुन्हा निघणार नाही. ते जपून पाठव.

टिंबू


२२ फेब्रुवारी

चि. टिंबूस आशीर्वाद.

तुझ्या आईशी फोनवर बोललो, म्हणजे मामी बोलली आणि मी मान हलवली. सांभाळ तिला. लहान असताना आंब्याच्या झाडावरून पडली होती तेव्हाही हसतच घरी आली होती.

कागद काल उघडले. काचेसारखे सपाट झालेत. आज नळीतून रवाना केले आहेत, नळीत पुठ्ठ्याचा दुहेरी वेढा आहे, पोस्टातल्या माणसाला तीनदा बजावलं आहे.

सावलीबद्दल तू लिहिलंस ते मी वाचलं, पुन्हा चित्र बघितलं, आणि मान्य केलं. दंड आणि टेबल एक झाल्यामुळे भार खरंच खाली गेल्यासारखा वाटतो. या वयात हे भाचीकडून शिकावं लागलं, त्याचा राग नाही, उलट छाती फुगली.

आता एक गंमत. चौथ्या चित्रात घाईत तुझ्याकडून एक जागा राहून गेली होती. एवढं महत्त्वाचं चित्र असं कसं जाऊ देणार? ते मी बघून घेतलं. भिंगसाहेबांनासुद्धा जोड सापडणार नाही अशी खात्री देतो. मागे बारीक अक्षरात "तपासलं" लिहून सही केली आहे. आभार मानू नकोस. तुझं काम तिथे नीट दिसलं पाहिजे, बस्स.

तुझा मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

नळी मिळाली.

मानेपासून कमरेपर्यंत डाव्या बाजूला रेष नव्हती, कारण मी ती काढली नव्हती. विसरले नव्हते. खिडकी डावीकडे होती. अठराव्या वेळी जे जमलं ते हेच होतं. बाकी सतरा चित्रांत तिथे रेष होती.

तुझी शाई पक्की आहे. पाण्याने, कापसाने, कशाने जात नाही. जोड खरंच सापडत नाही.

आता माझ्याकडे तीन चित्रं आहेत आणि सोळा दिवस.

मला आत्ता काही लिहू नकोस.

टिंबू


२ मार्च

दादा,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

पोरगी शनिवारी आली. बोलेना, जेवेना. शेवटी चित्र उलगडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, बघ तुझ्या भावाचे प्रताप. मी बघितलं. मला चित्रातलं कळत नाही, पण ती पाठ माझी आहे. सकाळी दुकान उघडलं की दहा वाजेपर्यंत तिथे ऊन येतं. बावीस वर्षं येतंय. डावी बाजू तापते, उजवीकडे इस्त्री तापते, मधे मी. पोरीने आधी चित्र दाखवलं होतं तेव्हा तिथे काहीच नव्हतं, कोरा कागद, आणि मी म्हटलं, अगं, ऊन आलंय. तू रेष ओढलीस आणि ते गेलं.

तू वाईट मनाने केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर जास्त रडते. पण दादा, माझी पाठ म्हणजे पंप नाही.

लगेच माफी मागत बसू नकोस. तू माफी मागायला लागलास की दोन पानं स्वतःबद्दलच बोलतोस. आधी वहिनीला खिडकीत बसव. तिची कड कुठे संपते ते शोध, आणि मग लिही.

हात बरा आहे. प्लास्टरच्या आत खाज सुटते.

धाकटी


६ मार्च

चि. टिंबू,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझ्या आईने सांगितलं तसं मामीला सकाळी खिडकीत बसवलं. हातात पेपर दिला, हलू नको म्हटलं. मी समोर टाक आणि कागद घेऊन बसलो. सावलीकडची बाजू झटकन आली. कान, मान, खांदा, कोपर, सगळं पक्कं. मग उजेडाकडची बाजू. टाक कागदावर टेकवला आणि थांबलो. बायकोचा खांदा कुठे संपतो आणि खिडकी कुठे सुरू होते ते मला सापडेना. चष्मा पुसला. भिंग आणलं. अर्धा तास बघितलं. तिथे रेष नव्हतीच गं. मामी म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा वेळ बघितलंत.

यंत्राच्या नकाशात रेष म्हणजे वस्तूची हद्द. ती नसली तर कापणारा चुकतो. माणसाची हद्द अशी नसते, उजेड तिच्यावरून वाहून जातो, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. कळायला तुझं चित्र खर्ची पडलं.

ट्रेसिंग कागदावरून शाई पात्याने खरवडून काढायची कला माझ्याकडे आहे. म्हणून तुझ्यासारखाच कागद आणून त्यावर माझी शाई लावून बघितली. पाच तुकडे घेतले. तीन फाटले, दोन खरखरीत झाले. तेव्हा तुझ्या चित्राला मी हात लावणार नाही, तूही लावू देऊ नकोस.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मला नुसती चूक दिसली म्हणून मी टाक उचलला असं नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेषेवरून रेष ओढली. नकाशा इंजिनिअरचा, यंत्र कारखान्याचं, माझी फक्त शाई. तुझं चित्र बोर्डावर बघितलं तेव्हा मला मोह झाला, की यात एक रेष माझी असावी. ती ओढताना मी श्वास सोडला होता. इतकी चांगली रेष मी आयुष्यात ओढली नसेल, आणि तीच चुकीच्या जागी ओढली. याची मला लाज वाटते.

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी आईकडेच होते. वाचून आईला दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, एवढं खरं दादा कधी बोलला नव्हता.

काय झालं ते क्रमाने सांगते.

चित्र घेऊन मी सरांकडे गेले होते. म्हटलं, चौथं आहे, पण त्यातली एक रेष माझी नाही. त्यांनी कुठली ते विचारलं नाही. चित्र भिंतीला टेकवून लांबून बघितलं, मग जवळून. म्हणाले, "ज्याने ही रेष काढली त्याचा हात फार कसलेला आहे. पण त्याने खिडकी लावून घेतली." मग माझ्याकडे बघून म्हणाले की दुसऱ्याचा हात लागलेलं चित्र घेता येणार नाही, आणि अजून नऊ दिवस आहेत.

मी आईकडे जाऊन राहिले. तिला म्हटलं बस. ती म्हणाली, मी इस्त्री करत असताना काढायचं काही होतं, आता नुसती बसलेली बाई काय काढतेस? आणि नेमकं तेच होतं, मामा. मी आईला कधी नुसती बसलेली बघितलीच नव्हती. गार इस्त्री फळीवर उभी, शेजारी ती खुर्चीत, डावा हात मांडीवर उताणा. तो हात काय करायचं ते न कळल्यासारखा पडलेला. सहा दिवस काढत होते. आई कंटाळून तीनदा झोपली.

शेवटचं जमलं ते सांगते. आधी सगळा वॉश दिला, रेष एकही नाही. एक फिकट सावली भिंतीवरून आईच्या चेहऱ्याच्या बाजूवरून खाली मांडीपर्यंत आणली. ती वाळल्यावर दुसरी, अर्ध्यावर. प्लास्टर मी काढलंच नाही. त्याच्या भोवतीने कुंचला नेला आणि मधे जो कागद उरला तेच प्लास्टर झालं, पांढरंशुभ्र, तिच्या अंगावरचं सगळ्यात उजळ. मग टाक घेतला. आख्ख्या चित्रात अकरा रेषा आहेत, मी मोजल्यात. मानेची, कानाची, उताण्या हाताच्या चार बोटांच्या. त्या ओढताना मी तू शिकवलास तसाच श्वास सोडत होते, आणि तुझ्यावर चिडलेलीही होते. दोन्ही एकदम करता येतं.

१४ तारखेला चारही चित्रं दिली. कागद सपाट करायला तुझ्याकडे पाठवलं नाही. माफ कर, पण नाही पाठवलं. आईच्या गाद्यांखाली ठेवलं.

टिंबू


२३ मार्च

चि. टिंबू,

गाद्यांखाली ठेवलेला कागद कडांना वाकतो. ते असो. मी बोलण्याचा हक्क गमावला आहे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. प्लास्टर न काढता काढलं, हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. परवा मी पांढरा कप काळ्या शाईत तसा काढून बघितला. मामीने ओळखला. भांडं आहे म्हणाली, पण ओळखला.

तुमचे सर काय म्हणाले ते मी मामीला वाचून दाखवताना पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि दुसरं हळू. तिने दुसरंच पुन्हा वाचायला लावलं. पण खरं सांगतो, दोन्ही वाक्यं मला मान्य आहेत. हात कसलेला होता, आणि खिडकी मी लावली.

निकाल कधी? मी विचारत नाही, मामी विचारते आहे.

मामा


११ एप्रिल

मामा,

मिळाली.

पाचांत पाचवी. यादी दारावर लावली होती. मी वरून वाचत आले, आणि चौथ्या नावानंतर परत जायला निघाले होते. मागच्या मुलीने दंडाला धरून मागे ओढलं.

सरांनी आईचं बसलेलं चित्र पुढच्या वर्षाच्या मुलांना दाखवायला मागून घेतलंय. उताण्या हातावर बोट ठेवून एवढंच म्हणाले की इथे थांबलीस ते बरं केलंस. नेहमीचा सुस्काराही टाकला नाही.

आईला फोन केला तर तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांना फोन हातोहात फिरवला. मी चार अनोळखी माणसांकडून अभिनंदन घेतलं, एकाने शर्ट कधी मिळेल तेही विचारलं.

तू रेष ओढलेलं चित्र आईने मागून घेतलं आणि दुकानात टांगलं. मी नको म्हणत होते. ती म्हणते, एका बाजूने पोरीने काढली, एका बाजूने भावाने, अशी पाठ कोणाच्या नशिबात असते? आणि गिऱ्हाईकं विचारतात, तेव्हा ती सांगते की एवढी सरळ पाठ माझी कधीच नव्हती, दादाने करून दिली.

मे महिन्यात चार दिवस तुझ्याकडे येतेय. बोर्ड मोकळा ठेव. मला तू बसायला हवा आहेस, समोर, कामाच्या जागी. हलायचं नाही, बोलायचं नाही. जमेल?

टिंबू


२ जून

प्रिय मामा,

जमलं नाहीच. चार दिवसांत तू एकंदर वीस मिनिटं गप्प होतास, आणि ती पण डुलकी लागली म्हणून. पण वीस मिनिटं पुरली.

सोबत पाठवतेय. इथे येऊन काही केलेलं नाही, तिथे तुझ्या घरी वाळलं तसंच आहे. तू मागत होतास तेव्हा दाखवलं नाही, कारण तुझं तोंड बघायची भीती वाटत होती.

तू बोर्डावर ओणवा आहेस. पाठ, खुर्ची आणि जमीन यांवरून एकच वॉश गेलाय, वरून खाली, न थांबता. चष्म्याची दांडी सोडली तर चेहऱ्यात फार रेषा नाहीत. सगळ्या रेषा उजव्या हातात आहेत, टाक धरलेल्या बोटांत. तिथे मी जेवढं येतं तेवढं सगळं ओतलंय. आणि मनगटापासून कोपरापर्यंत, वरच्या बाजूला, काही नाही.

ते काय आहे ते तुला सांगायची गरज नाही.

कागद थोडा वाकडा झालाय. सपाट करशील? मागे एक चौकट आखली आहे. "काढणार" पुढे मी सही केलीय. "तपासणार" रिकामं आहे.

टिंबू


१४ जून

चि. टिंबूस अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ दिवस थांबायला हवं होतं. पाचव्या दिवशी उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंतीवर लावायच्या आधी बोर्डावर ठेवून बघत बसलो होतो आणि दाराशी भिंगसाहेब. नव्वदीला आले आहेत, काठी घेऊन चालतात, पण भिंग खिशात आहेच. चहा झाला. मी चित्र दाखवलं, भाचीने काढलं म्हणालो, स्टुडिओत पाचांत आहे म्हणालो, बेचाळीसांतून हेही म्हणालो. साहेब ओणवे झाले. पाठीवरचा वॉश बघितला, बोटं बघितली. टाकाचं टोक कागदाला टेकतं तिथे बराच वेळ भिंग धरून राहिले. चौतीस वर्षांत मला त्यांच्याकडून "ठीक" याच्यापुढे काही मिळालं नव्हतं, तेव्हा ही शांतता मी ओळखतो.

मग भिंग मनगटावर आलं आणि थांबलं. साहेब म्हणाले, इथे रेष राहिली आहे. आणि सवयीने त्यांचा हात वरच्या खिशातल्या पेनाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत बसलो नाही, त्यांचं मनगट. म्हटलं, "साहेब, राहिलेली नाही. तिथे ऊन आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे. खुर्ची मागे घेऊन लांबून बघितलं, जसे तुमचे सर बघतात. माझा खरा हात बोर्डावर होता, खिडकीतून सकाळचा उजेड त्याच्यावर पडला होता, त्याच्याकडेही त्यांनी बघितलं. मग पेन परत खिशात ठेवलं आणि मामीला आणखी एक कप चहा मागितला. त्यांनी दुसरा कप मागितलेला मी कधी पाहिला नव्हता.

जाताना विचारलं, या मुलीला रेष ओढायला कोणी शिकवलं? मी सांगितलं. माझा आवाज जरा चढला असेल, मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

चित्र बोर्डाच्या वर टांगलं आहे. टांगण्याआधी मागच्या चौकटीत सही केली. शेऱ्याच्या जागी दोन शब्द लिहिले आहेत, पक्क्या शाईत: "दुरुस्ती नाही."

तुझा मामा